फिदेन्सिओच्या टाकीतलं पाणी

"अर्धीच आहे," फिदेन्सिओ म्हणाला आणि त्यानं बोटांच्या पेरांनी होडीच्या पेट्रोलच्या टाकीवर पुन्हा टकटक केलं. वर पोकळ आवाज, खाली भरीव. "विल्बर्ट, अर्धी टाकी ठेवून तू चार महिने होडी वाळूवर टाकणार?"

विल्बर्ट त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. होडीच्या सावलीत पाय पसरून तो संत्रं सोलत बसला होता. "अर्धी आहे म्हणजे रिकामी नाही ना, दाजी. त्यातच आनंद माना."

"रिकामी असती तर बरं झालं असतं. एक तर गळ्यापर्यंत भर, नाहीतर पार कोरडी कर. हे मधलं काय?"

"मधलं म्हणजे संयम," विल्बर्ट म्हणाला, आणि पलीकडच्या होडीवरची माणसं खो खो हसली.

फेब्रुवारी संपत आला होता. शेवंडी पकडायची बंदी लागायला आली की सान बेर्नाबे गावातल्या सगळ्या होड्या खाडीकाठच्या वाळूवर ओढल्या जातात आणि जुलैपर्यंत तशाच पडून राहतात. ओढायचं काम चाललेलं असताना फिदेन्सिओ बालाम एका होडीवरून दुसऱ्या होडीवर टाक्या वाजवत फिरायचा. माणूस बुटका, रुंद खांद्यांचा, मिशीला कायम ग्रीसचा वास. तो येताना दिसला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आले थेंबमास्तर," आणि बाकीचे आपापल्या जाळ्यांत डोकं घालायचे.

तरुणपणी तोही शेवंडी पकडायला पाण्यात उतरायचा. डाव्या कानाचा पडदा फाटला तसं ते सुटलं. मग प्रोग्रेसोच्या बंदरात एका वर्कशॉपमध्ये राहून तो इंजिनाचं काम शिकला आणि गावात येऊन त्यानं आपलं दुकान टाकलं. पहिल्याच जुलैत त्याच्या दारात इंजिनांची रांग लागली. सगळ्यांना एकच दुखणं, पेट्रोलमध्ये पाणी. फिदेन्सिओला वाटलं, हे तर सोपं आहे. एकदा नीट सांगितलं की पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

त्याला आता वीसेक वर्षं झाली होती. रांग होती तशीच होती.

तो सांगायचाही नीट. "दिवसा उन्हानं टाकी तापते. आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढून घेते. ती हवा कसली? खाडीवरची, ओलीचिंब. आतल्या गार पत्र्याला ती लागली की पत्र्याला घाम सुटतो. तो घाम ओघळून पेट्रोलच्या खाली जाऊन बसतो, कारण पाणी जड. आणि तुमचं इंजिन पेट्रोल कुठून पितं? तळातून. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागाच राहत नाही. पेट्रोल फुगायला दोन बोटं सोडा, बाकी भरा. झाकणाचा वायसर बदला. वर झावळ्या टाका. एवढंच."

माणसं माना डोलवायची. मग कोणीतरी म्हणायचं, "म्हणजे टाकी श्वास घेते म्हणा," दुसरा म्हणायचा, "मग हिला रात्री खोकला पण येत असेल," आणि विषय संपायचा.

खरी अडचण गावात सगळ्यांना ठाऊक होती. बंदीच्या दिवसांत भरलेली टाकी म्हणजे सगळ्या गावाची विहीर. कोणाच्या मोटरसायकलला हवं, कोणाला तिसिमीनला दवाखान्यात जायचंय, एप्रिलमध्ये गावच्या सणाला बैलांच्या खेळाचं रिंगण बांधायचं तर तिथल्या जनरेटरला हवं. रबरी नळी आणि कॅन घेऊन जो तो वाळूवर जायचा. विचारायची पद्धत नव्हती आणि नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. तेव्हा टाकी भरून ठेवणारा मूर्ख ठरायचा.

फिदेन्सिओ दरवर्षी हा मूर्खपणा करायचा. त्याच्याकडे एक जुनी होडी होती, बंद पडलेल्यांना ओढून आणण्यापुरती. तिची टाकी त्यानं मार्च लागताच दोन बोटं सोडून भरली, पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून त्यात औषध घातलं, झाकणाला नवा वायसर बसवला आणि वर झावळ्यांचं छप्पर केलं. होडी घरामागेच होती, सासूबाईंच्या परसाला लागून. तिथं नळी घेऊन यायची कोणाची छाती नव्हती. त्याच्या सासूबाई, बर्तिला, गावातली मक्याची गिरणी चालवायच्या आणि त्यांच्या तोंडाला अख्खं गाव वचकून होतं.

"तुम्ही एवढं ओरडता कशाला?" त्याची बायको नेल्सी त्याला म्हणायची. "त्यांची इंजिनं बंद पडतात म्हणून आपली चूल पेटते."

"मला नको असली चूल," फिदेन्सिओ म्हणायचा. "तेच कार्ब्युरेटर, तेच पाणी, तीच तोंडं. मला एकदा तरी वेगळं काहीतरी बिघडलेलं इंजिन बघायचंय."

त्या वर्षी एप्रिल-मे भयंकर तापला. दुपारी वाळूवर पाय ठेववत नव्हता आणि पहाटे होड्यांवर दव असं साचलेलं असायचं की बोटानं नाव लिहावं. वीजही सारखी जायची. फिदेन्सिओ दुकानातून वाळूकडे बघायचा आणि त्याला त्या सगळ्या अर्ध्या, पाव, तळाला टेकलेल्या टाक्या श्वास घेताना दिसायच्या. रात्री दोरांवर टांगलेल्या झोळण्यात पडल्यावरही तो कूस बदलत राहायचा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा विल्बर्ट त्याला स्वतःच्याच होडीतून पेट्रोल उपसताना सापडला. तोंडात नळी, हातात कॅन.

"आता काय?"

विल्बर्टनं नळी बाजूला केली. "मोटरसायकल. पोरगी बघायला जायचंय."

"त्यात आता निम्मं पाणी असेल."

"मग मोटरसायकल धुऊन निघेल आतून."

फिदेन्सिओ घरामागं गेला, स्वतःच्या होडीचं पाणी अडवणारं फिल्टर काढून आणलं आणि विल्बर्टच्या इंजिनाच्या नळीत बसवलं. काचेच्या वाटीचं, चांगल्यातलं. मेरिदाहून मागवलं होतं. "याला हात लावायचा नाही. तळाच्या वाटीत पाणी साचलं की हा खालचा स्क्रू सैल करायचा, पाणी सांडायचं, परत घट्ट करायचा. कळलं?"

"कळलं, दाजी."

"काय कळलं?"

"हात लावायचा नाही."

जुलैच्या पहिल्या सकाळी सगळं गाव वाळूवर होतं. होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या, बायका बर्फाच्या पेट्या मांडत होत्या, आणि फिदेन्सिओ अंधार होता तेव्हापासून एका इंजिनावरून दुसऱ्या इंजिनावर उड्या मारत होता. कुठं तळातलं पाणी काढ, कुठं प्लग पूस. ज्यांची इंजिनं सुरू झाली ते हात हलवून निघून गेले. ज्यांची नाही झाली ते त्याच्याकडेच असे बघत उभे राहिले, की जणू पाणी त्यानंच ओतलं होतं.

दुपारच्या सुमाराला दुकानातला वायरलेस खरखरला. विल्बर्ट होता.

"दाजी, बंद पडलं."

"कुठं आहेस?"

"किनारा दिसत नाही तिथं. नांगर टाकलाय. शेवंडी चिक्कार मिळाल्यात, पण बर्फ वितळतोय."

"फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढलंस का?"

विल्बर्ट म्हणाला, "फिल्टर काढलं मी. पेट्रोल अडवत होतं ते."

फिदेन्सिओनं डोळे मिटले. "ते पाणी अडवत होतं, विल्बर्ट. त्यासाठीच असतं ते."

"असेल. पण इंजिन चालत नव्हतं. काढल्यावर मस्त चाललं. थोडा वेळ."

उत्तरेकडे ढग काळे व्हायला लागले होते. फिदेन्सिओनं आपली होडी पाण्यात लोटली, दोर घेतला, काचेची बरणी आणि नट खोलायचे पाने घेतले आणि निघाला. जाताना तो मोठमोठ्यानं बोलत होता, ऐकायला समोर फक्त पेलिकन पक्षी. भेटल्यावर विल्बर्टला काय काय सुनवायचं ते तो जुळवत होता आणि वाक्यं चांगली जुळत होती. पहाटेपासून त्यानं गावातली एकूण एक टाकी वाजवली होती. स्वतःची तेवढी वाजवली नव्हती. कशाला वाजवेल?

किनारा मागं एक काळी रेघ उरला, तेव्हा इंजिन खोकलं.

फिदेन्सिओ गप्प झाला. इंजिन पुन्हा खोकलं, दोन-चार फेरे चाललं, आणि बंद पडलं. त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग त्यानं टाकीकडे पाहिलं, पेरांनी टकटक केलं, आणि आतून जो पोकळ आवाज आला तो त्याला खरा वाटेना. त्यानं नळी सोडून तळातलं पेट्रोल बरणीत घेतलं आणि बरणी उन्हात धरली. वर पेट्रोलचा पिवळट थर, खाली स्वच्छ पाणी, मध्ये सुरीनं कापावी तशी रेघ. पाण्याचा थर पेट्रोलपेक्षा जाड होता. लाटा लागेपर्यंत ते नळीच्या तोंडाखाली बसून होतं.

आणीबाणीसाठी ठेवलेला कॅन त्यानं उचलला. तोही हलका लागला. आत तळाला झुरळ मेलेलं होतं, पेट्रोल नव्हतं.

त्यानं नांगर टाकला आणि वायरलेस हातात घेतला. बराच वेळ त्याला बटण दाबवेना.

त्याला ओढायला गास्पारकाका आले. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, वयानं सगळ्यांत मोठे, आणि बोलणं इतकं संथ की त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत माणसाची चहाची तलफ जावी. त्यांनी आधी विल्बर्टला गाठून त्याची होडी मागं बांधली, मग फिदेन्सिओची त्यामागं. तीन होड्यांची आगगाडी पावसाच्या पुढं पुढं गावाकडे निघाली. गास्पारकाकांचं इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

"मी मार्चमध्ये टाकी पार कोरडी केली," ते मागं वळून ओरडून सांगत होते. "फडक्यानं पुसली आतून. झाकण घट्ट लावलं. नळीच्या तोंडाला बूच मारलं. तू सांगितलं होतंस तसं."

"बरं केलंत, काका."

"काय असतं, फिदे, टाकी श्वास घेते."

"माहितीय, काका."

"दिवसा ती हवा बाहेर सोडते."

"काका, मला माहितीय."

"आणि रात्री," गास्पारकाका म्हणाले आणि मध्येच थांबून त्यांनी एक लाट निगुतीनं पार केली, "आत घेते."

मधल्या होडीत विल्बर्ट शेवंडींवर ओलं गोणपाट टाकून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. फिदेन्सिओनं जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला ऐकवता आलं नाही.

घरी आल्यावर त्यानं ओले कपडेही बदलले नाहीत. "माझ्या टाकीतलं पेट्रोल कोणी काढलं?"

नेल्सीनं चुलीवरच्या तव्याकडे पाहिलं. मग दाराकडे. बर्तिला दारात बसून घेवडा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"गिरणीला. वीज असते का इथं? सकाळी बायका मका घेऊन रांगेत उभ्या आणि मोटर बंद. मी काय त्यांना परत पाठवू?"

"आई, मला विचारायचं तरी."

"गिरणीला पेट्रोलचं इंजिन कोणी बसवून दिलं?"

"मी."

"मग ते कशावर चालतं हे तुला माहीत असेलच. रोज सकाळी माझ्याकडच्या मक्याच्या पिठाच्या तोर्तिया खातोस. चार महिन्यांत एकदा तरी विचारलंस का, आई, पेट्रोल कुठून आणता?"

फिदेन्सिओला दुसरं सुचलं. "आणि झाकण? झाकण सैल होतं. पाऊस आत गेलाय."

"माझं मनगट दुखतं. जेवढं फिरलं तेवढं फिरवलं." बर्तिलांनी घेवड्यातला एक खडा अंगणात फेकला. "तुझा तो नवा वायसर फार घट्ट आहे."

फिदेन्सिओ दुकानात गेला. दुकानाचं दार त्यानं आतून लावून घेतलं, झोळणा टांगला आणि भिंतीकडे तोंड करून त्यात पडला. लोक इंजिनं खांद्यावर घेऊन आले, दार वाजवलं, हाका मारल्या. "दुकान बंद आहे," एवढंच आतून यायचं. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. नेल्सी खिडकीतून जेवण द्यायची. तळलेला मासा, घेवडा, तोर्तिया. तोर्तिया तो परत पाठवायचा, मग थोड्या वेळानं मागून घ्यायचा.

वेदना पाण्याची नव्हती. पाणी उपसता येतं, टाकी धुता येते. आपण वीस वर्षं बोललो आणि आपल्या स्वतःच्या घरात ते पोचलं नाही, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. गावाचं सोडा. सासूबाई त्याचं बोलणं रोज भिंतीपलीकडून ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता कॅन भरत होत्या.

शेवटी एका दुपारी बर्तिला स्वतः आल्या. त्यांनी दार वाजवलं नाही. मागच्या बाजूचा पत्रा सरकवून त्या आत शिरल्या आणि झोळण्याशेजारच्या डब्यावर बसल्या.

"अजून किती पडून राहणार, जावईबापू?"

"माझं कोणी ऐकत नाही."

"नाहीच ऐकत. तू समजावतोस म्हणून."

फिदेन्सिओनं मान वळवली.

"समजावलं की माणूस वाद घालतो," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं, विचारलंय मला. टाकी श्वास घेते, घाम येतो, जड, हलकं. कोणाला पडलंय? माझ्या गिरणीत बायका रांग मोडत नाहीत. मी कधी कोणाला रांग का लावायची ते समजावलंय?"

"नाही."

"मग. काय करायचं ते मला सांग. कशासाठी ते सांगू नकोस."

फिदेन्सिओ उठून बसला. त्याला राग येत होता, आणि राग येण्याइतकं ते बरोबर होतं याचा जास्त येत होता. तरी त्यानं सांगितलं. टाक्या भरायच्या, नाहीतर कोरड्या करायच्या. झाकणं बंद राहिली पाहिजेत. आणि कोणी उपसता कामा नये.

"म्हणजे कुलूप," बर्तिला म्हणाल्या.

पुढच्या बंदीच्या आधी त्यानं गावातल्या प्रत्येक टाकीच्या तोंडाला लोखंडी कडी बसवून दिली. सोसायटीच्या बैठकीत कुरकुर झाली. कोणी म्हणालं, आपल्याच टाकीला कुलूप आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे कसलं. बर्तिला मागच्या बाकावरून म्हणाल्या, "किल्ल्या माझ्याकडे राहतील," आणि गास्पारकाकांनी मत घ्यायच्या आत ठराव झाल्यासारखाच झाला. गिरणीसाठी वेगळं पिंप आणलं, ते सावलीत फळ्यांवर ठेवलं. सण, दवाखाना, ज्याला खरंच गरज त्याला त्या पिंपातून मिळेल, आणि जेवढं काढलं तेवढं पुन्हा भरलं जाईल, असं ठरलं.

फेब्रुवारीत दोघं वाळूवरून फिरले. फिदेन्सिओ टाकी वाजवायचा, बर्तिला शेजारी उभ्या.

"अर्धी," फिदेन्सिओ म्हणाला.

विल्बर्ट हसला. "आई, त्याचं असं आहे, संयम म्हणजे..."

"भर," बर्तिला म्हणाल्या.

विल्बर्टनं भरली. दोन बोटं सोडून. बर्तिलांनी बोटं घालून बघितली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात ओवली. त्या दुपारी फिदेन्सिओला एकदाही हवा, घाम किंवा श्वास म्हणावं लागलं नाही. घरी येताना त्याला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

मे महिन्यात त्याला वायसर आणायला तिसिमीनला जायचं होतं आणि मोटरसायकलमध्ये पेट्रोल नव्हतं. तो सासूबाईंकडे गेला.

"माझ्या टाकीची किल्ली द्या. लिटरभर घेतो."

"दवाखाना आहे?"

"नाही."

"सण?"

"आई, टाकी माझी आहे. लिटरभरानं काय होतं? परत भरतो संध्याकाळी."

"सगळे असंच म्हणतात," बर्तिला म्हणाल्या आणि गिरणीच्या पट्ट्याकडे वळल्या. "एकाला दिलं की झालं. तूच सांगत असतोस."

"मग पिंपातून द्या."

"ते वायसरसाठी नाही."

फिदेन्सिओ हमरस्त्यापर्यंत उन्हातून चालत गेला आणि तिथं बसची वाट बघत उभा राहिला. वाटेत त्याला दोघांनी विचारलं, "थेंबमास्तर, पायी?"

जुलैत होड्या पाण्यात गेल्या तेव्हा इंजिनं एकामागून एक सुरू झाली. फिदेन्सिओ हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर उभा होता आणि त्याला कोणी हाक मारत नव्हतं. वाळूवर धुराचा आणि पेट्रोलचा वास होता. बर्तिला किल्ल्यांचं रिकामं जुडगं हातात फिरवत होत्या.

मग विल्बर्टचं इंजिन सुरू झालं, धक्क्यापासून थोडं पुढं गेलं आणि घुसमटल्यासारखं बंद पडलं.

"भरलेली होती," विल्बर्ट लांबूनच ओरडला. "दाजी, मी काही केलेलं नाही. आईला विचारा."

फिदेन्सिओ कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत गेला. बरणीत पेट्रोल घेतलं. एक थेंब पाणी नव्हतं. त्यानं झाकण उघडलं तशी टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. हवा जायची बारीक नळी त्यानं तारेनं कोरली, तेव्हा तिच्यातून चिखलाचा एक लांबट गोळा बाहेर आला आणि त्यात कुंभारीण माशीच्या अळ्या. चार महिने माशीला शांत, सावलीतलं भोक मिळालं होतं. तिनं घर केलं होतं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना.

तो गोळा हातात घेऊन फिदेन्सिओ बघत राहिला. वीस वर्षांत असं इंजिन त्याच्याकडे आलं नव्हतं.

"काय झालं?" विल्बर्टनं विचारलं.

"कुंभारीण माशी."

"म्हणजे माझी चूक नाही."

"नाही."

विल्बर्टनं इंजिनाची दोरी ओढली. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि तो हात हलवत निघून गेला. फिदेन्सिओ पाणी निथळत धक्क्यावर आला. बर्तिलांनी त्याच्या तळहातावरचा चिखल बघितला.

"नळीच्या तोंडाला जाळी लावायला हवी होती, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं सांगितलं."

"का?"

फिदेन्सिओनं गोळा पाण्यात फेकला. "कारण मला सुचलं नव्हतं, आई," तो म्हणाला, पेटी खांद्याला लावली, आणि दुकानात बारीक जाळी शिल्लक आहे का ते बघायला गेला.